पिवळा सांधा म्हणजे फेरफार नव्हे

कर्कश सायलेन्सरविरुद्धच्या मोहिमांनी पुन्हा जोर धरला आणि गॅरेजवाल्यांची पत्रे येऊ लागली. बहुतेकांची तक्रार एकच. कंपनीचाच सायलेन्सर खालून गंजला, ठिगळ ठेवून पितळ मारले, आवाज पहिल्यासारखा झाला. पण चौकात पिवळा सांधा दिसताच 'मॉडिफाय' असा शेरा मारून गाडी लावून घेतली. आवाज मोजलाच नाही, कारण मीटर जवळ नव्हता.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करते. गंजाचे भोक बुजवणे हा बदल कसा? गोंगाटाचा दंड कलम 190(2) खाली, पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत आणि शिवाय तीन महिने लायसन्स बाद. एवढी कडक शिक्षा सांध्याच्या रंगावरून ठरत असेल तर ते संतापजनक आहे. दुरुस्ती कशाला म्हणायचे आणि फेरफार कशाला, हे परिवहन खात्याने लेखी कळवावे आणि मीटर लावल्याशिवाय गोंगाटाची पावती फाडू नये.

आता आपल्या लोकांविषयी. पोरांच्या हट्टापायी शेपटी कापायची, आतली जाळी काढायची आणि तेच टोक पुन्हा पितळाने चिकटवायचे, हा धंदा आपल्यातलेच काहीजण करतात. त्यांच्यापायी सरळ काम करणाऱ्याचा सांधा संशयाचा ठरला. त्यांची बाजू हे मासिक घेणार नाही.

दुसरा दोष शिकवण्याचा. गोळे-गोळे साचलेला जाड सांधा हा न शिकलेल्या हाताचा असतो. पोरगा ज्योत रॉडवर धरतो. रॉड वितळून थेंब पडतो, पण खालचा पत्रा थंड असल्याने पितळ पसरत नाही. तापवायचा पत्रा, रॉड त्याच्या उष्णतेने वितळला पाहिजे. त्याआधी काजळी, तेल आणि क्रोम घासून पत्रा पांढरा काढा, ठिगळ घट्ट बसवा आणि टाकणखार काचेसारखा वाहू लागेपर्यंत थांबा. पितळासाठी ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त हवा. जस्त 907 अंशांना उकळते, त्यामुळे जास्त तापवले की पांढरा धूर निघतो आणि सांधा सच्छिद्र होतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध-गूळ देऊन पोराला पुन्हा कामाला बसवणाऱ्या मालकांनी आधी पंखा आणि उघडी खिडकी द्यावी.

मिलिमीटरभर पत्र्याला आर्क लावला की भोक वाढते, म्हणून तिथे ब्रेझिंगच बरे. पण इंजिनाजवळच्या बेंडवर पितळ मारू नका. तिथल्या उष्णतेने ते मऊ पडते.

पोराला गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकवणे बंद करा. भंगारातला सायलेन्सर द्या, त्याने मारलेला सांधा हॅक्सॉने आडवा कापा आणि पितळ फटीत आतपर्यंत गेले का, हे त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्या. आणि यापुढे प्रत्येक दुरुस्तीचा आधीचा व नंतरचा फोटो काढा, बिलावर 'मूळ सायलेन्सरची दुरुस्ती' असे स्पष्ट लिहा. त्याच्या प्रती आमच्याकडे या महिनाअखेर पोचू द्या. परिवहन आयुक्तांना द्यायच्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.