बरणीतले मेंदू आणि बशीतले मेंदू

१/८ प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूसदृश पेशीगोळ्यांवर ऑटिझमच्या जनुकांचा अभ्यास होतो आहे, अशी बातमी आली की दोन आरोळ्या उठतात. एक, ‘बशीत ऑटिझम सापडला!’ आणि दुसरी, ‘नाझी विज्ञान परतले!’ दोन्ही आरोळ्या इतिहास न वाचता ठोकलेल्या आहेत. तो वाचायचा तर व्हिएन्नापासून आरंभ करावा लागतो.

२/८ नाझी राजवटीत व्हिएन्नाच्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत सुमारे ८०० आजारी व अपंग मुले मरण पावली. त्यांतील अनेकांना ठरवून मारण्यात आले. १९४४ साली ऑटिझमवर गाजलेला निबंध लिहिणारे हान्स आस्परगर याच शहरातले. त्यांनी काही मुलांना तेथे धाडण्याची शिफारस केली होती, हे इतिहासकार हेरविग चेख यांनी २०१८ साली कागदपत्रांनिशी दाखवून दिले.

३/८ पुढचा भाग युद्धानंतरचा आहे. तेथील डॉक्टर हाइनरिश ग्रोस याने मृत मुलांचे मेंदू बरण्यांत जपले, त्यांवर दशकानुदशके शोधनिबंध लिहिले आणि १९७५ साली राजसन्मानही मिळवला. त्या मुलांच्या अवशेषांना माती मिळाली ती २००२ साली.

४/८ याच व्हिएन्नात २०१३ साली मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मूलपेशींपासून काही मिलिमीटरचे पेशीगोळे वाढवले. तेच हे मेंदूचे ऑर्गनॉइड. २०२३ साली क्नोब्लिख यांच्या गटाने ऑटिझमशी जोडलेली ३६ जनुके अशा ऑर्गनॉइडमध्ये, वेगवेगळ्या पेशींत एकेक करून निकामी केली आणि कोणत्या प्रकारच्या पेशींच्या वाढीत बिघाड होतो ते तपासले.

५/८ हे ग्रोसचे विज्ञान आहे काय? नाही. येथे कोणाचाही जीव घेतलेला नाही. दोहोंना एकाच मापाने मोजणे हा मृत मुलांचाच अवमान होय. शिवाय आनुवंशिकीचे एक ऋण विसरू नये. आईच्या थंडपणामुळे मूल ऑटिस्टिक होते, असे ब्रुनो बेटेलहाइम १९६७ साली ठासून सांगत होते. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळी मुले तपासली. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही ऑटिस्टिक निघाले, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही नाही. कित्येक मातांच्या माथ्यावरचा कलंक पुसण्यास अशा पुराव्याने हातभार लावला.

६/८ आता पहिली आरोळी. ऑटिझमचे निदान वागण्यातून, बोलण्यातून, माणसामाणसांतील व्यवहारातून होते. ऑर्गनॉइडला डोळे नाहीत, कान नाहीत, घर नाही, शाळा नाही. तो फार तर गर्भावस्थेतील मेंदूच्या वाढीचा एक तुकडा दाखवतो. ज्या एकेका जनुकाचा प्रभाव मोठा असतो, तसा बदल थोड्याच ऑटिस्टिक व्यक्तींत आढळतो. म्हणून ‘बशीतला ऑटिझम’ हा शब्दप्रयोगच खोटा आहे. पुराव्याआधी निकाल लावण्याची बेटेलहाइमची खोडच त्यात पुन्हा दिसते.

७/८ खरा प्रश्न या दोन्ही आरोळ्यांत बुडून जातो. पेशी देण्यास संमती घेतली म्हणजे संशोधनाच्या हेतूलाही संमती मिळाली काय? २०२१ साली ब्रिटनमध्ये १०,००० ऑटिस्टिक व्यक्तींचे डीएनए जमवण्याचा ‘स्पेक्ट्रम १०के’ हा प्रकल्प जाहीर झाला. ‘आमच्या जनुकांचे पुढे काय करणार? आम्हाला साहाय्य, की आमच्यासारख्यांचा जन्मच टाळणे?’ असा सवाल ऑटिस्टिक लोकांनीच केला आणि प्रकल्प थांबवावा लागला. या सवालाला विज्ञानद्वेष म्हणणाऱ्यांनी श्पीगेलग्रुंडचा इतिहास पुन्हा वाचावा.

८/८ मुलाच्या अपस्मारावर उपाय शोधणाऱ्या पालकांना हे संशोधन हवे आहे, आणि त्यांची मागणी रास्त आहे. म्हणूनच संशोधन थांबवा असे माझे म्हणणे नाही. मात्र कोणता प्रश्न विचारायचा आणि उत्तराचा उपयोग कशासाठी करायचा, हे ठरवताना ऑटिस्टिक माणसे त्या बैठकीत असली पाहिजेत. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने त्यांचे जिवलग असले पाहिजेत. श्पीगेलग्रुंडच्या मुलांना हा अधिकार कोणी दिला नव्हता. आज तो देण्यास कोणती अडचण आहे, याचे उत्तर प्रयोगशाळांनी द्यावे.