साडेतीनशे म्हणजे तडजोड नव्हे

लांब पल्ल्याला क्रूझर घ्यायची तर साडेसहाशे सीसीचीच घ्यावी. साडेतीनशे घेणारा खिशाकडे बघून तडजोड करतो आणि बजाजची ॲव्हेंजर म्हणजे कॉलेजच्या पोरांची हौस, असं एक मत आमच्या माधवनगर-सांगलीकडे सध्या छातीठोकपणे ऐकवलं जातं. मोठं इंजिन हायवेला थकत नाही, जड गाडी वाऱ्याला डुलत नाही, आणि रोजच्या कामाचं काय, ते कशावरही उरकतं! एवढाच या पक्षाचा युक्तिवाद. त्यातलं शेवटचं वाक्य ही मंडळी हात झटकून म्हणतात. माझं भांडण त्याच वाक्याशी आहे.

माधवनगरचा माणूस गाडी घेतो ती कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जायला, बायकोला विश्रामबागला सोडायला, मिरजेला दवाखान्यात पोचायला. गोवा आणि गणपतीपुळे वर्षातून कधीतरी. जे रोज करायचं ते कशावरही चालेल आणि जे क्वचित करायचं त्यासाठी मात्र कर्ज काढा, हा हिशेब कुठला?

आता गाडीच्या पोटाखाली बघू. सुपर मेटिऑर 650 चा ग्राउंड क्लिअरन्स 135 मिलिमीटर, मेटिऑर 350 चा 170. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, आमच्या रस्त्यावर तो गाडीचं नशीब ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. गावागावांत रात्रीतून उठणारे गतिरोधक हा नियम वाचून बांधलेले नसतात. ते उंच असतात आणि अरुंद असतात. अरुंद असणं जास्त वाईट. सुपर मेटिऑरच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर आहे. पुढचं चाक उतरलेलं, मागचं अजून चढायचंय, अशा वेळी गाडीचं पोट नेमकं उंचवट्याच्या डोक्यावर येतं. त्यात डबलसीट आणि मागे बॅग असली की शॉकअप आधीच दबलेले, म्हणजे ते 135 सुद्धा पुरते उरत नाहीत. मग खालून जो आवाज येतो तो ऐकून कुणीही क्रूझरच्या ऐटीची स्तुती करून दाखवावी. तिरकं घालून गतिरोधक ओलांडायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे; 241 किलोची गाडी बायको मागे बसलेली असताना, समोरून एसटी येत असताना तिरकी घालून दाखवा.

वजनाचंही तेच. मेटिऑर 350 भरते 191 किलो. फरक 50 किलोंचा, म्हणजे सिमेंटचं एक अख्खं पोतं. हायवेवर ते पोतं इंजिन ओढतं, मान्य. पण पावसाळ्यात चिखलाच्या बोळातून गाडी मागे ढकलायची ती स्वतःच्या पायांवर. त्या वेळी इंजिन मदतीला येत नाही.

आणि हायवे म्हणजे तरी कोणता? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी 80. मोठ्या इंजिनाचं खरं सुख 80 च्या पुढे सुरू होतं. ते भोगायचं कुठे? हायवेवरच्या पेठनाक्यापर्यंत पोचेस्तोवर आष्टा, इस्लामपूर आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथे जीव वाचवतो तो ब्रेक आणि चपळपणा.

हा वाद नवा नाही. उजव्या पायाचा गिअर डावीकडे आला तेव्हा हेच लोक म्हणत होते की आता बुलेट बुलेट राहिली नाही. बटण स्टार्ट आलं तेव्हा किक न मारणारा मर्द नव्हे, असं ठरलं. आज तेच बटण दाबतात आणि डाव्या पायाने गिअर टाकतात. निकष दर वेळी बदलतो; जो सोयीचं घेतो तो कमी प्रतीचा, हे मात्र कधी बदलत नाही. मला चीड आहे ती याची. पगार मोजून गाडी घेणाऱ्या पोराला त्याच्याच पैशांत कमीपणा वाटायला लावणं हा छंद बरा नव्हे.

पैशांचं एका ओळीत: सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के, त्यावर 40. ॲव्हरेजचा हिशेब ज्याने त्याने पंपावर करावा. मोठ्या इंजिनाची सिग्नलला मांडीला लागणारी धग वेगळीच.

एक गोष्ट मात्र निखालस खरी. दोघं आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना ट्रकला मागे टाकायचं असेल तर साडेसहाशेचा 52 न्यूटन-मीटरचा जोर साडेतीनशेच्या 27 पुढे सरसच आहे. जो दर आठवड्याला घाट चढतो, ज्याचं अंगण मोठं आणि रस्ता नीट आहे, त्याने ती जरूर घ्यावी.

बाकीच्यांनी मेटिऑर 350 घ्यावी. सीट 765 मिलिमीटरवर, म्हणून बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. टाकी 15 लिटरची. पूर्ण जोर 4000 फेऱ्यांवरच मिळतो, त्यामुळे गावात गिअर सारखा बदलावा लागत नाही आणि 80 ला गाडी कुरकुरत नाही. ज्यांचे पाय तिथेही टेकत नाहीत त्यांच्यासाठी ॲव्हेंजर 220 आहे, 737 मिलिमीटरवर. 2001 च्या एलिमिनेटरपासून बजाजने हा क्रूझरचा घाट जपला, तेव्हा पोरांची हौस म्हणून तिला नाक मुरडू नये.

आणि टेस्ट राइड शोरूमसमोरच्या गुळगुळीत पट्ट्यावर घेऊ नका. घरच्या माणसाला मागे बसवा, बुधगावच्या बाजूला जा, दोन गतिरोधक ओलांडा, परत येऊन गाडी बोळात उलटी लावा. मग सही करा.