राणीची शेतवही



नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका वस्तीवर गेलो. ओसरीवर बाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी विचारले, "घरात कोणी आहे का?" त्या म्हणाल्या, "मी हाय की!" पण मला कारभारी हवे होते. कारभारी आले. म्हैस कधी व्याली, दूध किती, पेंड किती लागते, एकेका प्रश्नाला ते बाईंकडे बघत आणि उत्तर बाईच देत. माझ्या वहीत नाव मात्र कारभाऱ्यांचे लागले.

ही चूक मला परवा आठवली, ती जर्मनीतल्या एका राणीची हकीकत वाचताना.

तिचे नाव ॲना. जन्म १५३२ सालचा, डेन्मार्कच्या राजघराण्यातला. १५४८ साली, सोळावे वर्ष पुरे व्हायच्या आत, तिचे लग्न सॅक्सनीच्या ऑगस्टशी झाले. पाच वर्षांनी तो तिथला इलेक्टर झाला. इलेक्टर म्हणजे जर्मन सम्राट निवडण्याचा मान असलेला राजा. परमुलखातून आलेली पोर ड्रेस्डेनच्या दरबारात राणी झाली.

मखमलीवर बसून दिवस काढता आले असते. पण ॲनाचा जीव दुभत्यात, बागेत आणि झाडपाल्यात. दूध, लोणी, चीज, भाजीपाला, फळझाडे यांत ती स्वतः लक्ष घाली. नवऱ्यालाही फळझाडांचा नाद होता. कलमे तो स्वतःच्या हाताने बांधी. पुढे त्याने राजघराण्याच्या शेतीवाड्यांचा कारभार बायकोवरच सोपवला.

तिची शिकण्याची रीत मला फार आवडली. मान्सफेल्डची डोरोथिया नावाची वृद्ध विधवा सरदारीण औषधी अर्क काढण्यात वाकबगार होती. राणीने ते काम तिच्याकडून शिकून घेतले. पुढे ॲनाबुर्गच्या वाड्यात स्वतःची भट्टीशाळा उभारली. हा वाडा आणि ते गाव तिच्याच नावाने ओळखले जाते. ड्रेस्डेनला दरबारी औषधालय निघाले ते १५८१ साली. कोणाकडे चांगला पाठ आहे, गुणकारी औषध आहे, असे कळले की तिचे पत्र गेलेच. स्वतःजवळचेही ती पाठवी. तिची हजारो पत्रे ड्रेस्डेनच्या सरकारी दप्तरात आजही आहेत. माझ्या खात्याचे काम ही बाई चारशे वर्षांपूर्वी करीत होती, असेच म्हणा ना!

घरी मात्र दुःख मोठे. पंधरा बाळंतपणे झाली. वाढून मोठी झाली ती चारच मुले. अकरा पोरे मातीआड करून ही बाई पुन्हा कामाला लागत होती. ती सगळ्या बाबतीत थोर होती असेही नाही. धर्ममताच्या भांडणात १५७४ साली दरबारातली विद्वान माणसे तुरुंगात पडली, त्यात तीही कठोरच राहिली. तरी लोक तिला 'आई ॲना' म्हणत.

१५८५ च्या १ ऑक्टोबरला ती प्लेगने गेली. जन्मभर औषधे केली, पण प्लेगवर औषध त्या काळी कोणाकडेच नव्हते. तीन महिने उलटताच राजाने बारा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, आणि १५८६ च्या फेब्रुवारीत तोही वारला. सदतीस वर्षांच्या संसाराची जागा अशी भरली गेली! तरी बाईचे काम पुसले गेले नाही, कारण ते कागदावर होते.

भगिनींनो, तुमचे काम राणीपेक्षा कमी नाही, पण ते कागदावर नाही. पोराची शंभर पानी वही घ्या. गाय-म्हैस कधी भरवली, कधी व्याली, दूध किती, पेंडीला पैसे किती गेले, हे रोज दोन ओळींत टिपा. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा. दुभते तोट्यात का फायद्यात, ते वर्षाअखेर ती वहीच बोलेल.

आणि बंधूंनो, वहीच्या पहिल्या पानावर घरधनिणीचे नाव घाला. सातबाऱ्यावर ते आहे का, तेही एकदा बघा. माझ्यासारखी चूक करू नका. आता दारात गेलो की मी विचारतो, "बाई, हिशेब कोणाकडे असतो?"

बहुतेक घरी त्या हसतात, आणि चूल बाजूला सारून बाहेर येतात.