खुनी शोधायचाच नाही



गेल्या अंकातले ‘विंटर्स बोन’ (2010) या चित्रपटावरचे टिपण वाचले. टिपणकारांना तो ‘दारिद्र्याचे प्रदर्शन’ वाटला. शिवाय खून कोणी केला हे न सांगताच गोड शेवट चिकटवला, अशी त्यांची तक्रार आहे. मला यातले काहीच पटले नाही.

मिझुरी राज्यातल्या ओझार्क डोंगराळ मुलखातली री डॉली सतरा वर्षांची आहे. आई मनाने कोलमडून अबोल झालेली, पाठची दोन भावंडे लहान, आणि मेथ हा अमली पदार्थ बनवणारा बाप जामिनावर सुटून बेपत्ता. जामिनापोटी त्याने राहते घर आणि झाडांची जमीन अडकवली आहे. तारखेला तो आला नाही तर सगळे जाणार. कोणाच्या तरी जामिनासाठी सातबारा घेऊन कोर्टात ताटकळलेल्या आपल्या वाचकाला यातली धास्ती समजावून सांगायला नको. तिकडे जामीन राहणे हा फी घेऊन चालणारा धंदा आहे, एवढाच फरक. म्हणजे रीला खुनी नकोच आहे. तिला बाप हवा, नाहीतर तो मेल्याचा पुरावा. शेरीफला आणि जामीनवाल्यालाही त्यापलीकडे फारसे काही नको. काका टिअरड्रॉप तर तिला बजावतो, की कोणी मारले ते कळले तरी मला सांगू नकोस. कळले तर सूड घ्यायला जाणे त्याला भाग पडेल. आणि शेवटी निघताना तोच सांगून जातो, की त्याला कळले आहे. घर वाचले, काका मात्र बहुधा जाणार. यात गोड काय आहे?

आता दारिद्र्य. तुझा बाप भट्टीच्या स्फोटात मेला, असे पटवण्यासाठी एक नातलग रीला जळके घर दाखवायला नेतो. आत हनुवटीएवढे रान माजलेले पाहून ती ओळखते, की हे घर केव्हाच जळाले आहे. हा खोटे बोलतोय. पोलिसी तपास म्हणावा असा चित्रपटात एवढाच, आणि तो गावच्या पोरीच्या नजरेने झालेला. ती भावंडांना बंदूक चालवायला, खार सोलायला शिकवते तेही कीव यावी म्हणून दाखवलेले नाही. आपण नसलो तर यांनी उपाशी राहू नये, हा तिचा हिशेब आहे. चाळीस हजार डॉलरच्या आशेने ती सैन्यभरतीलाही जाऊन येते. तो प्रसंग पुन्हा पाहावा. तिथला अधिकारी खऱ्याखुऱ्या भरती अधिकाऱ्यानेच साकारला आहे आणि तो तिला ज्या आस्थेने परत पाठवतो, तशी आस्था तिला रक्ताच्या नात्यातही क्वचितच मिळते.

टिपणात बायकांबद्दल अवाक्षर नाही, याचे सर्वात नवल वाटले. ज्याला सगळा मुलूख वचकून असतो त्या थंप मिल्टनच्या दारात आडवी उभी राहते ती त्याच्या घरची मेराब. रीला रक्तबंबाळ करतात त्या मेराब आणि तिच्या बहिणी. आणि (शेवट फोडतोय, पण चित्रपट जुना आहे) रात्री होडीतून तळ्यावर नेऊन बापाच्या प्रेताचे हात करवतीने कापून पुराव्यासाठी देतात त्याही याच. पश्चात्ताप वगैरे काही नाही. आपल्याविषयी चाललेली कुजबुज त्यांना थांबवायची आहे. पुरुषांनी केलेले निस्तरायचे कोणी, हे त्या घरात ठरलेले आहे. दिग्दर्शिका ग्रॅनिकबाई त्या मुलखाबाहेरच्या, हे खरे. पण मूळ कादंबरी तिथल्याच डॅनिअल वुड्रेलची, चित्रीकरण मिझुरीतच, आणि कितीतरी भूमिका स्थानिकांनी केलेल्या.

खोट काढायचीच होती, तर मार खाल्ल्यानंतर रीला पडणारे ते खारींचे कृष्णधवल स्वप्न होते. इतक्या कोरड्या, नेमक्या चित्रपटात ते उपरे वाटते. टिपणकारांनी तेवढे लिहिले असते, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपला,
एक वाचक