द्राक्षाला पायघड्या, मोहाला बेड्या

सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर मार्च-एप्रिलच्या पहाटे आदिवासी बाया टोपल्या घेऊन मोहाची फुले वेचतात. ती उन्हात वाळवतात, मडक्यात आंबवतात आणि चुलीवर दारू गाळतात. लग्न असो, देवकार्य असो की मयत, तिच्यावाचून रीत पुरी होत नाही. कायद्याच्या लेखी मात्र ती हातभट्टी आणि गाळणारी बाई गुन्हेगार!

हा शिक्का जुना आहे. इंग्रज सरकारने १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी खास कायदा केला. अबकारीचा महसूल बुडू नये, हेच त्यामागचे कारण. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तरी मोहफुलावरचा पहारा उठला नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने फुले वेचण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले. फूल सुटले; विनापरवाना दारू गाळणे आजही गुन्हाच.

आता दुसरी बाजू पाहा. २००१ साली याच राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले, वाइनला अबकारी करात सवलत मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये तर सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला. विरोधामुळे तो रखडला, पण वाइन म्हणजे दारू नव्हे, असे तेव्हा जाहीरपणे सांगितले गेले. बागायतदाराचे ते कृषिउत्पन्न आणि आदिवासीचे ते पाप? हा न्याय दारूचा नाही, गाळणाऱ्याची जात पाहणारा आहे.

आम्ही दारूचे वकील नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती आम्हाला शिरोधार्य आहे. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आमच्याच वस्त्यांनी पाहिले आहेत. पण प्रतिज्ञा माणूस स्वतःहून घेतो. पोलिसाची काठी ती देऊ शकत नाही. व्यसनमुक्तीच हवी असेल, तर द्राक्षाच्या बाटलीलाही तोच नियम लावा.

मार्ग कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मोहाची दारू गाळायची की नाही, किती आणि कशासाठी, हे पाड्यावरच्या ग्रामसभेला ठरवू द्या. त्या सभेत पहिला शब्द बाईचा असावा. कारण फुले तीच वेचते आणि नवऱ्याच्या नशेचा मारही तीच खाते.