चिकनगुनियाच्या चिठ्ठीवर व्यायामही लिहा



पावसाळ्यात चिकनगुनियाच्या बातम्या रोज येतात : किती रुग्ण सापडले, कुठे धूरफवारणी झाली, कोणाच्या टाकीत अळ्या निघाल्या. ताप उतरला की रुग्ण बातमीतून जातो, सरकारी तक्त्यातूनही जातो. त्याचे खरे हाल मात्र तिथून पुढे सुरू होतात, आणि तिकडे कोणी पाहत नाही, ही माझी तक्रार आहे.

आमच्या बार्शीने ही साथ 1973 मध्येच सोसली. 2006 मध्ये देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. एवढ्या अनुभवानंतरही दुखण्यावर आपला सल्ला एकच : गोळी घ्या, पडून राहा. पण अनेकांचे सांधे तीन महिन्यांनंतरही दुखत असतात, काहींचे वर्षानुवर्षे. सकाळी मूठ वळत नाही, ओला कपडा पिळवत नाही, खाली बसले तर उठताना भिंत धरावी लागते. शेतमजूर बाईला 'आराम करा' सांगणे म्हणजे तिची मजुरी बुडवणे आहे.

तापात आराम हवाच. लाल, गरम, सुजलेल्या सांध्यावर जोर देऊ नये, हेही खरे. परंतु ताप गेल्यावर आठवडेच्या आठवडे हालचाल बंद ठेवली, तर मांडीचे स्नायू झपाट्याने रोडावतात, सगळा भार गुडघ्यावर येतो आणि दुखणे वाढते. दुखते म्हणून माणूस आणखी कमी हलतो. 'व्यायामाने सांधा झिजेल' ही भीती घराघरात आहे. वास्तविक सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्याला हालचाल लागते.

ब्राझीलमध्ये जुनाट चिकनगुनियाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. एका चाचणीत बारा आठवडे पिलाटेसचे व्यायाम दिले, दुसरीत रबरी पट्ट्या ओढण्याचे. दोन्हींत दुखणे कमी झाले. पट्ट्यांच्या गटाला खुर्चीतून उठणे-बसणेही सोपे गेले. चाचण्या लहान होत्या, हे मान्य. पण औषधांनी ज्यांना पुरेसा गुण येत नाही, त्यांच्यासाठी हा स्वस्त आणि हाताशी असलेला उपाय आहे. अट एवढीच की सुरुवात अगदी थोडक्यापासून करावी : बोटांची उघडझाप, मनगट व घोटा फिरवणे, मग खुर्चीवरून उठणे-बसणे, सपाटीवर चालणे. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर प्रमाण कमी करावे. सूज हटतच नसेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. तिथे एकटा व्यायाम पुरणार नाही. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कोणीही घेऊ नयेत.

हे सगळे रुग्णाने एकट्याने शोधून काढावे, अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. शहरातला माणूस पैसे मोजून फिजिओथेरपी घेतो. खेड्यातल्या माणसाला तालुक्याला यायचे तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणून आरोग्य विभागाने तीन गोष्टी कराव्यात. चिकनगुनियाच्या प्रत्येक रुग्णाची तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी. साथीच्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसावा. आणि आशाताईंच्या हाती चित्रांसह व्यायामाचा मराठी तक्ता द्यावा. डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे, की गोळ्यांखाली दोन ओळी व्यायामाच्याही लिहा.

— एक फिजिओथेरपिस्ट, बार्शी (जि. सोलापूर)