ताई, फ्यूज बॉक्स कुठं लावू?

रात्री साडेअकराला पालमहून मावसभावाचा फोन. ऑटो पुरवणीत चार लेख काय लिहिले, मी घरातली एक्स्पर्ट! पठ्ठ्या शेतातल्या शेडमध्ये जुन्या मारुती ८००चं इंजिन टाकून बग्गी बनवतोय आणि पहिल्या राइडला मावशी बसणारेय. फ्यूज बॉक्स लावला होता इंजिनला चिकटून. का, तर वायर कमी लागते. अरे, इंजिनची धग, वर परभणीचा मे महिना. इन्सुलेशन वितळलं तर? पेट्रोलची टाकी हातभर लांब.

मग एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांना मध्ये घेतलं. बॉक्स डॅशबोर्डखाली, हात पोचेल तिथं. रिलेच्या पिना खाली, म्हणजे पाणी साचत नाही. मेन फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभरातच. त्याच्या अलीकडच्या वायरला कुणीच वाली नसतो. बॅटरी सीटखाली चालेल, पण पट्ट्यानं आवळून, टर्मिनलला रबरी टोपी घालून. ती उसळून सीटच्या लोखंडाला टेकली की संपलंच. शिवाय बाहा स्पर्धेतल्या गाड्यांसारखे दोन किल स्विच, एक आत, एक बाहेर.

रस्त्यावर? नो वे! देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातली गाडी २०२१मध्ये गाजली, तेव्हा आनंद महिंद्रांनीही नियमांची आठवण करून देत बदल्यात बोलेरो देऊ केली होती.

‘आपल्याला मिळेल का गं?’

म्हटलं, आधी हॉर्न तरी वाजू दे.